लायक झालो की रोडबाईक

नोएडात डोंगर नाही, टेकडी नाही, साधा उंचवटाही नाही, हे मला डोंगरावर चालवायची सायकल घेताना पक्कं ठाऊक होतं. आमच्याकडचा सगळ्यात अवघड चढ म्हणजे सेक्टरांमधला फ्लायओव्हर. तरीही दिल्लीतल्या झंडेवालानच्या सायकलच्या दुकानातल्या माणसाने "कहाँ चलाओगे, सर?" असं विचारलं तेव्हा मी छाती काढून सांगितलं की आम्ही सह्याद्रीतले लोक आहोत. सह्याद्री ही नोएडातली एखादी सोसायटी असावी अशा समजुतीने त्याने मान डोलावली आणि कोपऱ्यातली सगळ्यात दांडगी सायकल पुढे ओढली. टायर मनगटाएवढे जाड, त्यांवर गाठीच गाठी, पुढच्या चाकाला मोटरसायकलसारखा शॉकअप. घरी आणली त्या दिवशी लिफ्टमध्ये ती आणि मी एवढेच मावलो आणि शेजारच्या बाई पिशव्या घेऊन जिन्याने गेल्या.

मी पद्माकर निमकर. मूळचा साताऱ्याचा, गेली पंचवीसेक वर्षं दिल्लीत, एका केंद्रीय मंत्रालयात अवर सचिव. माझं काम थोडक्यात सांगायचं तर कुणाला काय मिळू नये हे नियमात बसवून दाखवणं. अर्ज येतो, मी पात्रतेचे निकष बघतो, एक त्रुटी काढतो आणि फाईल खाली पाठवतो. त्रुटी दूर होऊन फाईल वर आली की दुसरी काढतो. यात माझा हातखंडा आहे. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून हे केल्यामुळे रक्तातली साखर मात्र काठावर आली आणि डॉक्टर म्हणाले, निमकर, हालचाल करा. म्हणून सायकल.

पण पात्रतेचं वेड मंत्रालयाने लावलं असं म्हणणं हा मंत्रालयावर अन्याय होईल. ते मी घरूनच घेऊन आलो होतो. आमच्याकडे वस्तू आधी मिळत नसे, आधी लायकी सिद्ध करावी लागे. शाईचं पेन स्कॉलरशिप मिळाल्यावर. बॅट आधी दुसऱ्याच्या बॅटने पन्नास काढल्यावर. मला स्वतःची बॅट मिळाली तेव्हा माझं क्रिकेट सुटलेलं होतं. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी असत, आणि पाहुणे तेवढ्या लायकीचे आहेत की नाहीत हे आई दारातच ठरवत असे. त्यामुळे सायकल घेतानाच मी मनाशी म्हटलं की ही शिकाऊ सायकल. हिच्यावर तयार झालो की मग ती पातळ टायरची, वाकड्या हँडलची, रस्त्यावरची खरी सायकल घ्यायची. रोडबाईक काय, कुणीही उठून घ्यायची चीज नाही.

सुरुवातीचे महिने फार सुखाचे गेले. माझी बायको मीनाक्षी केंद्र सरकारच्या शाळेत गणित शिकवते. आमचा मुलगा चैतन्य नोकरीला बंगळुरूला गेल्यापासून त्याची जुनी सायकल बाल्कनीत धूळ खात पडली होती, ती तिने काढली. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं ओखल्याच्या पक्षी अभयारण्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. वेग असा की मॉर्निंग वॉकवाले काका आमच्याकडे मागे वळून बघत.

पण त्या रविवारी आम्ही बोलायचो. चैतन्य गेल्यापासून घरातलं बोलणं सिलेंडर, मेड आणि रात्री भात की पोळी यावर आलं होतं. सायकलवर मात्र दोघांनाही समोर बघावं लागतं, त्यामुळे माणूस खरं बोलतो की काय कोण जाणे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर मला त्या रस्त्यावर कळलं की तिचा माझ्या बहिणीवर नेमका कशावरून राग आहे. तिच्या वर्गातली कोणती मुलगी बोटं मोजून गणित करते आणि तरीही सगळ्यांच्या आधी उत्तर देते, हेही कळलं. मीसुद्धा बोललो. निवृत्तीची मला भीती वाटते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं ते ओखल्याच्या बंधाऱ्यावर, एका बगळ्याकडे बघत. मला रविवारची ओढ लागली. शुक्रवारपासूनच मी टायरमधली हवा बघायला लागायचो.

मग मयुरा आली. आमच्याच सोसायटीत राहते, पुण्याची, आयटीत, वयाने आमच्या पुतणीएवढी. एका शनिवारी ती मीनाक्षीला "काकू, नुसतं बघायला चला" म्हणून घेऊन गेली आणि संध्याकाळी मीनाक्षी रोडबाईक घेऊन घरी आली. निळी, सडपातळ. मला एका हाताने उचलून दाखवली.

मी म्हटलं, अगं, आधी जुनीवर हात तर बसू दे. निदान वर्षभर. मग घ्यायची ना.

"लायकी ठरवायला वर कोणी बसलंय का?" तिने विचारलं.

मी बसलो होतो, पण ते बोलून दाखवायची हिंमत झाली नाही.

आता पुढच्या काही आठवड्यांत काय झालं ते सांगतो, हसायचं तर हसा. मयुरा आणि मीनाक्षी एका ग्रुपमध्ये गेल्या. त्याचे म्होरके बक्षीजी, दातांचे डॉक्टर, साठीचे, पिंडऱ्या दगडाच्या. दर रविवारी सगळे नोएडाहून निघून चिल्ला बॉर्डरवरून दिल्लीत शिरायचे. मीही गेलो, माझ्या अवजड वाहनावर. माझे गाठीचे टायर डांबरावर गुरगुरायचे. बक्षीजी पुढे बघत म्हणायचे, "निमकर साहब का ट्रैक्टर आ गया." काही वेळाने तेही म्हणेनासे झाले, कारण ट्रॅक्टर ऐकू येईल एवढ्या अंतरात नसायचाच. दर पॅडलला शॉकअप खाली-वर व्हायचा आणि सायकल रस्त्याला नमस्कार करत चालायची. तो शॉकअप एका खटक्याने बंद करता येतो हे मला मयुराने दसऱ्याच्या सुमारास सांगितलं. तोपर्यंत माझी निम्मी ताकद नमस्कारात गेली होती.

मीनाक्षी सुरुवातीला थांबायची. पुढच्या सिग्नलपाशी पाय टेकून मागे बघत उभी असायची. मी घामाघूम होऊन पोचलो की विचारायची, "पाणी?" आणि मला त्या पाण्याचा भयंकर राग यायचा. एकदा मयूर विहारच्या फ्लायओव्हरखाली मी तिच्यावर डाफरलोच. म्हटलं, माझ्यासाठी थांबायची गरज नाही, मी काही पांगळा नाही, तू हो पुढे. पुढच्या रविवारपासून ती थांबली नाही. मीच सांगितलं होतं, तरी मला फार वाईट वाटलं. तिचा लाल दिवा लांब लांब जाताना दिसायचा आणि मग तोही दिसायचा नाही.

यावर सरळ उपाय होता. दुकानात जायचं, रोडबाईक घ्यायची आणि तिच्या शेजारी जाऊन चालवायची. मला तेवढंच हवं होतं. ग्रुप, वेग, बक्षीजींच्या पिंडऱ्या, कशाशीच मला देणंघेणं नव्हतं. मला माझा रविवार परत हवा होता. पण मी लायक कुठे झालो होतो?

कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर मसाला दूध पिता पिता मी सगळ्या मराठी मंडळींसमोर जाहीर केलं की न थांबता इंडिया गेटपर्यंत जाऊन आलो की रोडबाईक घेणार. दोन रविवारांनी जाऊन आलो. मीनाक्षी खुशीत म्हणाली, चला, आता घेऊन टाका. पण मी विचार केला की त्या दिवशी वारा पाठीमागून होता. हे ग्राह्य धरता येणार नाही. नवी अट घातली, ग्रुपबरोबर अक्षरधामपर्यंत मागे न पडता जायचं. तेही झालं. पण त्या दिवशी बक्षीजींचं चाक पंक्चर झालं होतं आणि सगळेच रमत-गमत चालले होते. ती फाईलही मीच परत पाठवली. मीनाक्षीने दुसऱ्यांदा विचारलं, आता तरी? मी म्हटलं, बघू, अजून थोडं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

मग मी शेवटची अट घातली, हिंदूरावचा चढ. दिल्लीत रिजवर, म्हणजे तिथल्या लांबट टेकडीवर, हिंदूराव हॉस्पिटल आहे, त्याच्या बाजूने रस्ता वर चढतो. हे हिंदूराव ग्वाल्हेरहून आलेले मराठे सरदार, म्हणजे आपलेच, अशी मी ग्रुपमध्ये पूर्वीच फुशारकी मारून ठेवली होती. त्यामुळे आपल्या माणसाच्या टेकडीवर पाय टेकणं हा इज्जतीचा प्रश्न झाला होता. खरं सांगायचं तर त्या चढाला साताऱ्यात कुणी चढ म्हणणार नाही. पण नोएडाहून तिथपर्यंत ट्रॅक्टर हाकत गेल्यावर तो वाट अडवून उभा राहतो. पहिल्यांदा मी निम्म्यावर उतरलो. दुसऱ्यांदा एका माकडाने रस्ता ओलांडला, तेवढंच निमित्त पुरलं.

याच सुमारास एका शुक्रवारी संध्याकाळी मीनाक्षी बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली. मी वर्तमानपत्र पसरून चेनला तेल देत होतो. ती म्हणाली, एक बोलायचं होतं. माझे हात काळे झालेले, डोक्यात हिंदूराव. मी म्हटलं, रविवारी बोलू ना, सायकलवर, निवांत. ती आत गेली. रविवारी ती नेहमीप्रमाणे पुढे होती आणि मी नेहमीप्रमाणे चिल्ल्यालाच मागे पडलो होतो. बोलणं राहून गेलं. माझ्या तर ते डोक्यातूनही गेलं.

जानेवारीतला तो रविवार धुक्याचा होता, किंवा धुराचा, दिल्लीत तेव्हा फरक कळत नाही. कश्मीरी गेट गेलं, सिव्हिल लाइन्स गेलं. ग्रुप केव्हाच वर पोचला असणार. मी शॉकअप बंद केला, सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चढाला लागलो. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर रात्रभर थांबलेले नातेवाईक चहा पीत होते, त्यांतल्या एका आजींनी मला बघून "राम राम, भगवान" म्हटलं. माझ्यासाठी की त्यांच्या माणसासाठी कळलं नाही, मी ते माझ्यासाठीच धरून घेतलं. मांड्या पेटल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडाला रुमाल बांधला होता तो ओला होऊन नाकाला चिकटला. मी पॅडल मारत राहिलो. माकडं भिंतीवर बसून बघत होती. आणि एकदम रस्ता सपाट झाला. पाय टेकला नव्हता.

माथ्यावरच्या अशोकस्तंभापाशी सगळे चहाला थांबले होते. मला बघून टाळ्या वाजल्या. मीनाक्षीचा चेहरा फुलला, ती दोन पावलं पुढे आली. आणि मी, हा गाढव, धापा टाकत पहिलं वाक्य काय बोललो? की खाली सिग्नल लागला होता, तिथे दम खायला मिळाला, त्यामुळे तसं बघितलं तर ही अट पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही.

तिचा चेहरा पडला. बक्षीजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्या पाठीवर थाप मारून मोठ्या मायेने म्हणाले, "फिक्र मत करो, निमकर साहब. भाभीजी नासिक चली जाएँगी, तो संडे को आपको हम सँभाल लेंगे."

मला वाटलं दमल्यामुळे कानात काहीतरी झालं. मी मयुराकडे बघितलं तर ती बुटाची लेस बांधायला वाकली. लेस सुटलेली नव्हती. एक-दोघं चहाच्या कपात बघायला लागले. म्हणजे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं, मला सोडून.

मी मीनाक्षीला बाजूला घेतलं आणि विचारलं, कसलं नाशिक?

तिने शांतपणे सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणून बढती आली होती, नाशिकजवळच्या शाळेत. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं. होय की नाही ते बुधवारपर्यंत कळवायचं. पूर्वी एकदा चैतन्यच्या बारावीच्या वर्षी तिने बढती नाकारली होती, हे मला ठाऊक होतं. आता नाकारली तर पुन्हा येणार नाही, हे तिने सांगायची गरज नव्हती.

"मयुराला सांगितलंस, बक्षीजींना सांगितलंस," मी म्हटलं. "मला नाही."

"मला त्यांना सांगायचंच नव्हतं हो. तुम्हाला सांगायचं होतं. पण दर रविवारी बोलायला म्हणून वळून बघायचे, तर मागे नुसता रस्ता. बोलायला माणूस शेजारी लागतो. जो शेजारी होता त्याला सांगितलं गेलं."

मला राग आला होता, पण तो ठेवायला माझ्याशिवाय दुसरी जागा नव्हती. म्हटलं, आता सांग. सगळं सांग. ती म्हणाली, आत्ता? सगळे कचोरी खायला निघालेत. मी म्हटलं, जाऊ दे त्यांना. तिने मयुराला हात केला आणि ग्रुप गेला.

परतीला ती तिच्या सायकलच्या सगळ्यात हळू वेगात चालवत होती आणि मी माझ्या सगळ्यात जोरात, म्हणजे आम्ही बरोबर होतो. पण रिंगरोडवर शेजारी शेजारी चालवू देतंय कोण? बस हॉर्न मारत अंगावर यायची, मला मागे व्हावं लागायचं, तिचं वाक्य अर्धं राहायचं. राजघाटापर्यंत असंच चाललं. शेवटी आयटीओ चौकाच्या पुढे यमुनेच्या पुलावर आम्ही उतरलो आणि सायकली हातात धरून फुटपाथवरून चालत निघालो. खालून काळं पाणी आणि पलीकडच्या पुलावरून मेट्रो जात होती. एवढी सायकल शिकून शेवटी चालतच निघालो म्हणून मला हसू येत होतं आणि रडूही.

ती बोलत होती. शाळा लहान आहे, दोन वर्षं गणिताला कायमचा शिक्षकच नाही. तिला ती शाळा हवी होती. आणि एकटीने घर मांडायची तिला धास्ती वाटत होती, जन्मात कधी मांडलं नव्हतं. माझं पथ्य कोण बघेल, याचीही तिला काळजी होती. बोलता बोलता ती थांबली आणि मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

मी सुरुवात केली की एका बाजूने बघितलं तर माझ्या निवृत्तीला अजून तीन-चार वर्षं आहेत, दुसऱ्या बाजूने—

"टिपण नको," ती म्हणाली. "काय वाटतं ते सांगा."

मी पुलावर थांबलो. माझ्यामागून एक रिक्षावाला घंटी वाजवत होता, त्याला मी वाट दिली, मग सांगितलं.

"तू जाऊ नयेस असं वाटतं. तू नसलीस तर मी त्या घरात काय करू? आणि तू नाही म्हणालीस तर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही. हो म्हण."

तिने हातमोज्याने डोळे पुसले, आणि हातमोज्याला चेनचं तेल होतं, त्यामुळे गालावर काळा फराटा उमटला. मी तो दाखवला नाही. मयूर विहारपर्यंत आम्ही तसेच चालत गेलो.

बुधवारी तिने होकार कळवला. गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर वैयक्तिक म्हटलं, आणि माझ्या नोकरीत इतकं खरं कारण मी क्वचित दिलं असेल. सोसायटीजवळच रोडबाईकचं एक दुकान आहे. त्याच्यासमोरून वर्षभर जाताना मी मान वळवून घेत असे. तिथला मुलगा भला होता. माझी उंची मोजली, माझं पोट बघून न बघितल्यासारखं केलं आणि माझ्या मापाची एक काढून दिली. मी तिच्यावर बसलो तर गुडघे कुठे आणि हात कुठे, सगळाच गोंधळ. समोरच्या आरशात मी इतका हास्यास्पद दिसत होतो की त्या मुलालाही ते सोसेना.

तो अजिजीने म्हणाला, "सर, जल्दी न हो तो एक बात कहूँ? रुक जाइए. अप्रैल में नया मॉडल आ रहा है. तब तक आपकी प्रैक्टिस भी हो जाएगी."

सल्ला अगदी रास्त होता. मीही दुसऱ्या कुणाला हाच दिला असता.

"अप्रैल में मुझे नहीं चाहिए," मी त्याला म्हटलं. "मुझे इस संडे को चाहिए."